पाळकांना हिशेब विचारला, तर देवाची आज्ञा मोडते का?

"ताई, सही नाही केली तर मी बंडखोर ठरते आणि केली तर खोटी. काय करू मी?"

या बाई मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघाच्या खजिनदार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्षाच्या हिशेबावर त्यांची सही हवी होती, पण पावत्यांची फाईल काही हाती येत नव्हती. मागितली तेव्हा पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ऐकवलं, "देवाच्या अभिषिक्ताला, त्यानं निवडलेल्याला, हात लावू नये, असं वचन आहे." घरी सासूबाईंनी भर घातली, बंडखोरी म्हणजे जादुगिरीसारखं पाप. बाईंची झोप उडाली. प्रभुभोजन घ्यायलाही मन धजेना.

हीच घालमेल माझ्याकडे अनेक रूपांत येते. कधी समोर ऑफिसातला साहेब असतो, कधी नवरा, कधी वडील. अशा वेळी ज्या वचनाचा धाक घातला जातो, ते मी मागचंपुढचं धरून वाचायला लावते.

सासूबाईंचं वाक्य ज्यात आहे, तो बायबलमधला १ शमुवेल १५ बाईंनी मोठ्यानं वाचला आणि तेविसाव्या वचनाशी थबकल्या. "अहो, हे तर शमुवेल संदेष्टा राजालाच सांगतोय!" बरोबर. आज्ञा मोडली होती ती गादीवर बसलेल्या शौलानं. मग पाळकसाहेबांच्या वचनासाठी स्तोत्र १०५ काढलं. तिथले अभिषिक्त म्हणजे परक्या मुलखात भटकणारे अब्राहाम, इसहाक, याकोब, संख्येनं मूठभर. त्यांच्यासाठी देव राजांना दटावतो. दुबळ्यांच्या रक्षणाचं वचन दुबळ्यांवरच उगारलेलं पाहिलं की मला मनापासून राग येतो.

अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगणारा रोमकरांस १३ मी बाजूला सारत नाही. अधिकाऱ्यांचा मान राखायचाच. पण ते लिहिणारा प्रेषित पौलच यरुशलेमेतल्या गरिबांच्या वर्गणीसाठी आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ ठेवतो. पैशावरून कोणी बोट दाखवू नये, देवापुढे आणि माणसांपुढेही व्यवहार चोख असावा, म्हणून (२ करिंथ ८). प्रेषिताला यात कमीपणा वाटला नाही.

उरलेला वेळ विचारायचं कसं, यात गेला. दानिएलानं राजाचं अन्न नाकारलं, पण विनंती करून. अधिकाऱ्याची भीती ओळखून १० दिवसांची परीक्षा सुचवली. बाईंनी वहीत लिहिलं, "पाळकसाहेब, आपल्याबद्दल आदर आहे. पावत्या पाहिल्याशिवाय मला सही करता येणार नाही. रविवारी उपासनेनंतर सचिवबाईंना घेऊन बसू या." आधी लिहिलेलं 'भरवसा उरला नाही' हे त्यांनी स्वतःच खोडलं. चार बायकांत चर्चा करायची नाही, हेही त्यांनीच ठरवलं.

पाळकसाहेब रागावले. दोन रविवार बोलले नाहीत. मग फाईल आली. बहुतेक पावत्या होत्या, मांडवाच्या भाड्याची तेवढी मिळाली नाही. बाईंनी तशी नोंद करून खाली सही केली, आणि नाताळच्या वर्गणीचं पावतीपुस्तक या वेळी स्वतःकडे मागून घेतलं.