वाचनालयाच्या भिंतीवर चित्र काढायचंय? आधी भिंत बघा

भाऊ, चित्रकार शोधण्याआधी भिंत ठरवा. पश्चिमेची नको, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात लाल-पिवळा लवकर विटतो. उत्तरेची घ्या. नव्या प्लास्टरला सात दिवस पाणी मारा, मग तीन-चार आठवडे सुकू द्या. घाई केली तर आतल्या ओलीबरोबर क्षार वर येऊन पांढरा लोणा फुटतो आणि रंगाच्या पापड्या सुटतात. खालचा दीड फूट पट्टा गेरूरंगी, चित्राविना ठेवा. काळ्या मातीचे शिंतोडे तिथेच बसतात.

20 बाय 10 फुटांच्या भिंतीला बाहेरचा प्रायमर अंदाजे अडीच लिटर, अ‍ॅक्रिलिक इमल्शन दोन हातांना चार लिटर.

पैशाचं म्हणाल तर ग्रामसभेचा ठराव आधी, पावतीपुस्तक नंतर. ग्रंथालयाचं अनुदान इकडे वळवू नका, लेखापरीक्षणात अडकाल. वर्गणी कापूस-सोयाबीन विकल्यावर मागा. पेरणीच्या तोंडावर कोण देणार? चित्रकाराचे शेवटचे 20 टक्के एक पावसाळा निघाल्यावर द्यायचे, हे कागदावर घ्या.

आणि वारलीच कशाला? ती पालघरकडची. गडचिरोलीत गोंड, मेळघाटात कोरकू घरांच्या भिंती आधी बघून या.