संध्याकाळ झाली की मीडियम वेव्हवर घरघर सुरू होते, एफएम मात्र स्वच्छ. दुसरा रेडिओ लावला तरी तेच. उगम कसा शोधायचा आणि फिल्टर घ्यावा का?

दुसरा रेडिओ लावूनही घरघर तशीच राहते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे रेडिओ निर्दोष आहे. फिल्टरचा, म्हणजे वायरीतला गोंगाट अडवणाऱ्या भागाचा, विचार तूर्त सोडा. उगम कळण्याआधी आणलेला फिल्टर हमखास भलत्याच वायरीला लागतो.

आधी आवाज नीट ओळखा. सूर्य मावळला की आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित पट्ट्यातला) लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि दूरदूरची स्टेशनं येऊ लागतात. ती एकमेकांवर आदळली की शिट्टी किंवा कमीजास्त होणारी गुरगुर ऐकू येते, पण ठरावीक जागीच. त्यावर घरात उपाय नाही. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. घरघर जवळपास सगळीकडे असेल तर मात्र ती विजेच्या उपकरणाची.

आता बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावा आणि मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर तोही बंद हवा, नाहीतर निम्मं घर चालूच राहतं आणि चाचणी फसते. घरघर थांबली तर चोर घरात आहे. मग एकेक एमसीबी (मेन बोर्डावरचा, घरातल्या एकेका लाइनचा स्विच) चालू करत जा, आवाज परतला की त्या लाइनवरचे प्लग एकेक करून काढा. प्लगच काढायचा. रिमोटने बंद केलेल्या टीव्हीचा पॉवर सप्लाय चालूच असतो, आणि फोन जोडलेला नसला तरी चार्जर कुरकुरू शकतो.

माझा पहिला संशय एलईडी दिवे आणि अडॅप्टरवर, त्यातही तुमचा त्रास संध्याकाळचा असल्याने दिव्यांवर. त्यांच्या आतली सर्किटं साधारण ५० ते १५० किलोहर्ट्झने वीज चालू-बंद करतात. त्या फ्रिक्वेन्सीच्या पटी मीडियम वेव्हच्या अख्ख्या पट्ट्यावर पसरतात. स्वस्त मालात त्या अडवणारे भाग बहुधा गाळलेले असतात. खूणही सोपी आहे: सर्किट ६५ किलोहर्ट्झवर चालत असेल तर काटा फिरवताना दर ६५ किलोहर्ट्झला घरघरीचा उंचवटा लागतो. दिव्याचा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरचं वेगळं. तो ५० हर्ट्झच्या विजेला सेकंदातून १०० वेळा कापतो, त्यामुळे सलग, करकरीत गुणगुण येते आणि बटण मधोमध असताना ती सहसा सर्वात मोठी असते. अनियमित चटचट येत असेल आणि एखादा स्विचबोर्ड गरम लागत असेल, तर रेडिओ राहू दे, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मेन बंद करूनही घरघर तशीच राहिली तर उगम बाहेर आहे, आणि खरी गंमत इथे सुरू होते. बहुतेक जण रेडिओ हातात घेऊन आवाज जिकडे मोठा तिकडे चालत जातात. तसं केलं की फसायला होतं, कारण गोंगाट वायरिंगमधून वाहतो आणि प्रत्येक वायर अँटेना बनते. उगम दोन घरं पलीकडे असला तरी तुमच्या भिंतीजवळ रेडिओ ओरडतो. मी मोठ्या आवाजापेक्षा शांत दिशेवर जास्त विश्वास ठेवतो. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी असते, तीच मीडियम वेव्हची अँटेना; बहुतेक संचांत ती आडवी, लांबीच्या दिशेने. कांडीचं टोक उगमाकडे रोखलं की आवाज एकदम पडतो. उघड्यावर, तारांपासून लांब उभं राहून रेडिओ सावकाश फिरवा आणि ती दिशा लक्षात ठेवा. उगम पुढे की मागे हे त्यावरून कळत नाही, म्हणून दुसऱ्या जागी जाऊन तेच करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे शोधा. जवळ पोचल्यावर काटा वरच्या फ्रिक्वेन्सीकडे न्या, शॉर्ट वेव्ह असेल तर उत्तम. वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट वायरीतून फार लांब जात नाही, त्यामुळे तो ऐकू आला की उगम जवळच.

रेषा विजेच्या खांबाकडे गेल्या आणि पाऊस पडला की आवाज गायब होत असेल, तर खांबावर कुठेतरी सैल जोडातून ठिणगी उडत असण्याचा दाट संभव आहे. खांबाला हात लावू नका, वीज कंपनीला कळवा. रेषा शेजाऱ्यांकडे गेल्या तर ट्रान्झिस्टर चालू ठेवूनच त्यांच्याकडे जा. दिवा बंद केल्यावर घरघर थांबताना त्यांनी स्वतः ऐकली की वाद होत नाही.

दिवा सापडला तर सरळ बदला. लॅपटॉपच्या अडॅप्टरसारखी वस्तू ठेवायचीच असेल तर तिची वायर फेराइट रिंगमधून गुंडाळा, अडॅप्टरच्या अगदी जवळ. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो. वायरीवर नुसतं चिमटवलेलं फेराइट म्हणजे एकच वेढा, आणि मीडियम वेव्हवर तेवढ्याने फारसा फरक पडत नाही. रिंग घेताना मीडियम वेव्हच्या फ्रिक्वेन्सीला चालणारी आहे ना, तेवढं विचारून घ्या, कारण बऱ्याच रिंगा त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेल्या असतात.