म्हातारा लॅब्रॅडॉर कोण नेईल?

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत पिल्लांविषयीची पत्रे नेहमीच अधिक असतात. या वेळी मात्र उतारवयातील किंवा दीर्घ आजारी प्राण्यांसाठी घर शोधणाऱ्यांची, आणि असे प्राणी आपल्या घरी आणू पाहणाऱ्यांचीही पत्रे एकापाठोपाठ आली. म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : वडिलांचे नुकतेच निधन झाले. त्यांचा अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. त्याला मधुमेह असून दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावे लागते, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे जवळजवळ दिसत नाही. मी नोकरीसाठी परदेशी निघालो आहे. आई बहिणीकडे हैदराबादला जाईल. बहिणीच्या सोसायटीत कुत्री पाळू देत नाहीत असे कळते. समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकले, पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, न्यायला कोणी आले नाही. त्याला एखाद्या प्राणी-आश्रमात ठेवावे का? आजाराबद्दल आधी बोललो नाही तर कोणीतरी नेईल, असे एक नातेवाईक सुचवतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नातेवाइकांची सूचना आधी बाजूला ठेवू. मधुमेही कुत्र्याचे इन्सुलिन काही दिवस बंद पडले तर रक्तात आम्ल साठून तो मरणाच्या दारात पोहोचू शकतो. नव्या घरातल्या माणसांना आजारच ठाऊक नसेल, तर तो पाणी फार पितो, घरभर लघवी करतो, एवढेच त्यांना दिसेल. ती वैतागतील आणि कारण कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असेल. लपवून दिलेला प्राणी पुष्कळदा आठवड्याभरात परत येतो, आणि परत न येता रस्त्यावर सोडला जातो तेव्हा तर विचारायलाच नको. प्राण्याला उपाशी-तहानेला सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण त्या कलमात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतकाच असल्यामुळे त्याचा धाक कोणालाही वाटत नाही.

आश्रमाबाबत माझे मत प्रतिकूल आहे. तिथली माणसे निष्काळजी असतात असे मुळीच नाही. पण दोन-तीन मदतनीस आणि साठ-सत्तर कुत्री असलेल्या ठिकाणी, या एकाने सकाळी पोटभर खाल्ले की नाही हे पाहून मगच इंजेक्शन द्यायचे, आणि बारा तासांनी पुन्हा तेच करायचे, हे रोज सांभाळले जाणे अवघड असते. न खाता पूर्ण मात्रा दिली तर रक्तातील साखर एकदम घसरते. शिवाय आंधळा कुत्रा आपले घर वासाने आणि पावलांच्या मोजणीने ओळखत असतो. सतत भुंकण्याच्या गदारोळात, अनोळखी पिंजऱ्यात त्याला काहीच उमगत नाही.

माझ्या मते त्याचे पहिले घर आपल्या आईजवळच आहे. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार गृहनिर्माण सोसायटीला नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. कुत्र्याला लिफ्टमधून नेण्यासही मनाई करता येत नाही. बहिणीने सोसायटीच्या सचिवांकडे लेखी विचारणा करावी. तोंडी ‘चालत नाही’ म्हणणारी सोसायटी लेखी उत्तर देताना पुष्कळदा नरमते. प्रवासासाठी रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे (छोटा बंद कक्ष) आरक्षित मिळाला तर कुत्रा सोबत नेता येतो. तो न मिळाल्यास गार्डच्या डब्यातील कुत्र्याच्या पेटीचा पर्याय उरतो, पण या वयाच्या मधुमेही प्राण्यासाठी तो अजिबात स्वीकारू नये. मोटारीनेच न्यावे, इन्सुलिन बर्फाच्या डब्यात परंतु बर्फाला थेट न लागेल असे ठेवावे, आणि जेवणाच्या वेळा रस्त्यातही मोडू नयेत. मधाची छोटी बाटली हाताशी असावी. तो अचानक लटपटू लागला किंवा सुस्तावला, तर हिरड्यांना मध चोळून जवळचा दवाखाना गाठावा.

हे खरोखरच शक्य झाले नाही, तर जाहिरात बदला. ‘मालक गेले, बिचारा पोरका झाला’ असे वाचून लोक डोळे पुसतात आणि पुढे जातात, कारण आपल्याला नेमके काय करावे लागेल हे त्यांना त्यातून कळत नाही. त्याऐवजी लिहावे की तो सकाळी सात व संध्याकाळी सात वाजता जेवतो, इंजेक्शनला एक मिनिट लागते व तो हलतही नाही, जिने चढता येत नाहीत, मुलांशी शांत असतो, मांजर पाहिले की भुंकतो (असे असेल तर तेही लिहाच), औषधे-तपासण्यांचा महिन्याचा खर्च इतका येतो आणि त्यातील इतका वाटा आम्ही तो असेपर्यंत उचलू. शेवटचे वाक्य लिहिण्याची आपली तयारी असेल तर निम्मे काम झाले. दुसरे असे की ही जाहिरात सगळ्या जगाला दाखवण्यापेक्षा आपल्या पशुवैद्यांकडे द्यावी. ज्यांचा मधुमेही कुत्रा अलीकडे गेला आहे अशी एक-दोन घरे त्यांना माहीत असतात. सुईची भीती मोडलेली, फ्रिजमध्ये इन्सुलिनसाठी कप्पा ठेवण्याची सवय असलेली ती माणसे शंभर हळहळणाऱ्यांपेक्षा मोलाची. आधी महिनाभर तात्पुरते राहू द्यावे, पहिले दोन दिवस इंजेक्शन आपण स्वतः तिथे जाऊन द्यावे, मग कागद करावा.

प्रश्न : एका निवारा केंद्रात नऊ वर्षांची पामेरियन कुत्री आम्हाला आवडली. तिला हृदयविकार आहे. आम्ही दोघे नोकरी करतो, पैकी एक घरून. शेजारी म्हणतात, विकतचे दुखणे कशाला घेता? आम्ही नेमके काय पाहावे?
— एक दांपत्य, डोंबिवली

उत्तर : शेजाऱ्यांचा प्रश्न वाटतो तितका कठोर नाही, त्याचे उत्तर आपल्याकडे तयार असायला हवे, इतकेच. (आपल्याकडे ज्यांना पामेरियन म्हणतात ती बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. उपचारांत त्याने फारसा फरक पडत नाही, पण फाइलवर योग्य नोंद असलेली बरी.)

लहान चणीच्या वयस्क कुत्र्यांत सर्वाधिक दिसणारा हृदयविकार म्हणजे डाव्या बाजूची झडप जाड होऊन नीट न मिटणे. छातीत नुसता आवाज ऐकू येणे, हृदय मोठे झालेले असणे आणि फुप्फुसांत पाणी साचून गेलेले असणे, या तीन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. ‘हृदयविकार आहे’ या दोन शब्दांत त्या सगळ्या झाकल्या जातात. म्हणून केंद्राकडे छातीचा एक्स-रे आणि इकोकार्डिओग्राफीचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल मागा. नसेल तर दत्तक घेण्यापूर्वी स्वखर्चाने करून घ्या. पहिल्या अवस्थेतील कुत्री औषधाविना काही वर्षे आनंदात काढू शकते. तिसऱ्या अवस्थेत रोजची औषधे आणि अधूनमधून तातडीचे उपचार गृहीत धरावे लागतात. या जातीत श्वासनलिका चपटी होऊनही कोरडा खोकला येतो, तेव्हा प्रत्येक खोकला हृदयाच्या नावावर घालू नये.

घरी करायची सर्वांत उपयोगी गोष्ट फुकट आहे. ती गाढ झोपलेली असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजून वहीत लिहावे. आकडा तिसाच्या आत असावा. तो सलग वर चढू लागला तर दम लागण्याची वाट न पाहता पशुवैद्यांना कळवावे. हृदयाला बळ देणारे पिमोबेंडन सुरू असेल तर ते जेवणाआधी सुमारे तासभर, बारा-बारा तासांनी द्यावे लागते. पाणी काढणारे फ्रुसेमाइड सुरू असेल तर तहान आणि लघवी वाढते. अशा वेळी पाण्याचे भांडे कधीही उचलून ठेवू नये. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस वापरावा. पापड, चिवडा, लोणच्याची फोड हे लाड बंद. मे महिन्यात दुपारी फिरायला नेऊ नये.

खर्चाचा हिशेब पशुवैद्यांकडून लिहून घ्यावा: महिन्याची औषधे गुणिले बारा, त्यात तीन-चार तपासण्या आणि रुग्णालयात दाखल होण्याचा एक प्रसंग. विम्यावर विसंबू नये, कारण नवीन पॉलिसीला वयाची मर्यादा असते आणि आधीपासूनचे दुखणे वगळलेले असते. मुंबई परिसरात असल्याचा आपल्याला फायदा आहे. परळचे एकोणिसाव्या शतकापासूनचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आणि त्याच्याच आवारातील पशुवैद्यक महाविद्यालय लोकलने गाठता येते. महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालयही सुरू झाले आहे. तरीही रात्री दोन वाजता उघडा असणारा, घराजवळचा दवाखाना कोणता, हे आधी स्वतः जाऊन पाहून यावे.

हे सगळे वाचूनही आपल्याला ती हवी असेल, तर जरूर आणा. एक जण घरी असणे ही या आजारातली फार मोठी सोय आहे.

प्रश्न : वाचवलेल्या एका बोक्याची तपासणी ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह’ आली. घरात आधीच दोन मांजरी आहेत. त्याला ठेवता येईल का? आम्हाला काही होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एफआयव्ही हा मांजरांची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू आहे; माणसांना तो लागत नाही. मांजरांत तो मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो, त्यामुळे बोक्याचे निर्बीजीकरण झाले असेल, तो बाहेर भटकत नसेल आणि तिघांत मारामाऱ्या होत नसतील, तर एकत्र राहण्यातला धोका कमी असतो. पहिले काही आठवडे मात्र वेगळी खोली द्यावी. अहवालात ‘एफईएलव्ही’ या मांजरांच्या दुसऱ्या, ल्युकेमियाच्या विषाणूचा निकाल काय आहे हे आपण लिहिलेले नाही. तो विषाणू लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि सामाईक भांड्यांतूनही जातो, तेव्हा तो पॉझिटिव्ह असेल तर बोक्याला कायम वेगळे ठेवावे लागेल. बोका सहा महिन्यांहून लहान असल्यास एफआयव्हीची चाचणी नंतर पुन्हा करावी, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही ती पॉझिटिव्ह येते.

प्रश्न : माझे वय एकाहत्तर. माझी कुत्री गेल्यानंतर घर खायला उठते. मुले म्हणतात, आता नवीन जीव आणू नकोस, तुझ्यामागे त्याचे कोण करील? मला वाटते, माझ्याच वयाला शोभेल असे एखादे म्हातारे जनावर आणावे. चुकते का माझे?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : मुळीच नाही. आपल्या वयात पिल्लू आणणे मला अयोग्य वाटले असते. दहा वर्षांच्या प्राण्याला मात्र आपल्यासारखे शांत घर क्वचितच मिळते. पण कुत्र्याऐवजी मांजराचा विचार करावा, असे मी सुचवीन. पावसाळ्यातल्या निसरड्या रस्त्यावर पट्ट्याला हिसका बसून पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, ही भीती कल्पनेतली नाही.

मुलांच्या प्रश्नाला कागदावर उत्तर द्यावे. संस्थेकडून दत्तक घेताना, ‘सांभाळणे अशक्य झाल्यास संस्था प्राणी परत घेईल’ अशी अट करारात लिहून घ्यावी. हे मान्य न करणाऱ्या संस्थेकडून घेऊ नये. कायद्याने प्राणी स्वतः वारस होऊ शकत नाही, म्हणून रक्कम त्याच्या नावे नव्हे, तर त्याला सांभाळण्यास कबूल झालेल्या व्यक्तीच्या नावे ठेवावी लागते. रतन टाटा यांच्या मृत्युपत्रात टिटो या त्यांच्या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या, तेव्हा अनेकांना हा श्रीमंतांचा छंद वाटला; पण दोन साक्षीदारांच्या सहीने केलेल्या साध्या मृत्युपत्रातही असा परिच्छेद घालता येतो. ज्या व्यक्तीचे नाव घालाल तिला आधी विचारा, आणि तिच्या पश्चात दुसरे एक नावही घाला. मृत्यूपेक्षा रुग्णालयात अचानक दाखल व्हावे लागण्याची शक्यता अधिक, म्हणून घराची एक किल्ली शेजारी असावी आणि फ्रिजवर मांजराचे खाणे, औषधे व पशुवैद्यांचा क्रमांक लिहिलेला कागद चिकटवलेला असावा.

प्रश्न : महामार्गावर गाडीच्या धडकेने मागचे दोन्ही पाय निकामी झालेला रस्त्यावरचा कुत्रा आम्ही उचलून आणला. तीन दिवसांपासून तो घरी आहे. कोणी म्हणते चाकांची गाडी बसवा, कोणी म्हणते इंजेक्शन देऊन मोकळे करा. नियमाप्रमाणे त्याला मूळ जागी सोडावे लागेल का?
— दोन महाविद्यालयीन वाचक, कराड

उत्तर : मूळ जागी सोडण्याचा नियम निर्बीजीकरण करून परत सोडायच्या धडधाकट कुत्र्यांसाठी आहे. फरफटत चालणाऱ्या जनावराला महामार्गालगत सोडणे ही क्रूरताच ठरेल. वेदनाशामक म्हणून घरातील माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

निर्णय चाकांच्या गाडीवर अवलंबून नाही. त्याला फळीवर, पाठीचा कणा न वाकवता, शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्या. तिथे एक्स-रेसोबत एक साधी परीक्षा होईल: मागच्या पायाचे बोट चिमट्याने जोरात दाबले असता तो मान वळवून पाहतो का, विव्हळतो का. पाय नुसता आखडला गेला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. वेदना मेंदूपर्यंत पोहोचत असेल तर काही आठवड्यांत तो पुन्हा उभा राहण्याची आशा धरता येते. ती पूर्ण नाहीशी झाली असेल तर पाय परत येण्याची शक्यता फार थोडी.

दुसऱ्या स्थितीतही कुत्रा समाधानाने जगू शकतो, परंतु त्याचे मूत्राशय बहुधा हाताने दाबून रिकामे करावे लागते, दिवसातून तीन-चार वेळा, रोज, सुट्टीशिवाय. लघवी आत राहिली की जंतुसंसर्ग होतो. ओल्या अंथरुणावर पडून राहिला की जखमा होऊन त्यांत अळ्या पडतात. चाकांची गाडी ही दिवसातून थोडा वेळ हिंडण्यासाठी असते. त्यात त्याला तासन्‌तास अडकवून ठेवायचे नसते. आपल्या परीक्षा, वसतिगृह, सुट्ट्या यांत हे काम कोण करील ते नावानिशी लिहून काढा. नावे भरली नाहीत तर असे प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेकडे जागा आहे का ते विचारा, आणि व्हिडिओ पाठवताना लघवी दाबून काढावी लागते हेही सांगा.

जागा मिळाली नाही आणि वेदना आवरत नसतील, तर दयामरणाचा निर्णय घेण्यात अपराध नाही. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत असाध्य आजारी व प्राणांतिक जखमी कुत्र्यांसाठी त्याची तरतूद आहे. ते पशुवैद्यकाने शिरेतून औषध देऊनच व्हायला हवे. आधी गुंगीचे इंजेक्शन देण्यास सांगा, आणि आपल्यापैकी ज्याच्या हातून तो या तीन दिवसांत जेवला, त्याने त्याच्या डोक्याशी बसावे.