फुकट कोर्स, मग परीक्षेचे पैसे कशाला?

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा) कोर्स फुकट म्हणून घेतला, आता परीक्षेची फी मागतायत. हे कसलं फुकट? – एक वाचक, पंढरपूर

उत्तर: अरे, शिकणं फुकटच आहे की! व्हिडिओ, नोट्स, दर आठवड्याची असाइनमेंट, कशालाच पैसे नाहीत, फी फक्त सर्टिफिकेटवाल्या परीक्षेची, कारण ती सेंटरवर जाऊन द्यायची असते. आणि नुसती फी भरून भागत नाही हां, असाइनमेंटला २५ पैकी १० आणि परीक्षेला ७५ पैकी ३० हवेत. खरी बोंब वेगळीच, सुरुवातीला सगळे जोशात, मग दोन असाइनमेंट राहिल्या की गडी गायब. कॉलेज या कोर्सचं क्रेडिट देतं का, म्हणजे तो डिग्रीत धरतं का, ते एचओडींना (विभागप्रमुखांना) आधी विचार, देत असतील तर फी बिनधास्त भर, नाहीतर नुसतं शिक.