भोसरीत बॅटरीच्या कारखान्यात आहे, पोट सारखं दुखतं. रक्तातलं शिसं कसं तपासायचं?

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या तपासणीत, शिसं दिसत नाही. लॅबला ‘ब्लड लेड’ असं स्पष्ट सांगा आणि रक्त हाताच्या शिरेतूनच द्या. बोट टोचलं तर कातडीवरची शिशाची धूळ मिसळून आकडा फुगतो. माझे वडील प्लेट कास्टिंगला, म्हणजे बॅटरीच्या शिशाच्या प्लेटा ओतायच्या कामाला होते, दोनदा साबण लावूनही नखांच्या कडा करड्याच राहायच्या.

मोठ्या माणसात डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असलं की अमेरिकेत ‘वाढलेलं’ धरतात. संपर्क थांबला की रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्मं होतं, हाडांतलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. त्यामुळे टेस्ट एकदा करून भागत नाही.

शिशाची विषबाधा कायद्यानुसार कळवावा लागणारा आजार आहे, म्हणून डॉक्टरांना काम नेमकं काय करता ते सांगाच. कामाचे कपडे घरी नेऊ नका. लहान मूल असेल तर त्याचंही रक्त तपासा, कृपा करून.