बहिणीची मुले आश्रमात ठेवावीत का?

प्रश्न : माझे मेहुणे गेल्या वर्षी वारले. बहीण शेतमजुरी करते. तिला नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी आहे. एका धार्मिक संस्थेचे कार्यकर्ते घरी येऊन गेले. दोघांचे जेवणखाण, कपडे आणि दहावीपर्यंतचे शिक्षण मोफत करतो, मात्र मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातील शाखेत ठेवावे लागेल आणि दोघांनाही रोजच्या प्रार्थनेला बसावे लागेल, असे ते म्हणतात. बहिणीची सही हवी म्हणून एक कागदही ठेवून गेले आहेत. काय करावे?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : सर्वप्रथम तो कागद कोणा जाणत्या माणसाकडून वाचून घ्या आणि तोपर्यंत ताईंना सही करू देऊ नका. आई मुलांना कायमचे सोडून देत आहे असा कायदेशीर अर्थ असलेले समर्पणपत्र केवळ बालकल्याण समितीसमोरच (निराधार मुलांच्या काळजीबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातील सरकारी समिती) करता येते आणि त्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. घरी आणून दिलेल्या कागदावर असा व्यवहार होऊच शकत नाही.

मी काही वर्षे अशा समितीवर काम केले आहे. समोर येणाऱ्या मुलांपैकी खरोखर आईबाप नसलेली मुले थोडी असत. बहुतेकांची आई हयात असे आणि घरात दोन वेळच्या जेवणाची सोय नसे, एवढेच कारण असे. एक मुलगा आठवतो. त्याच्या पत्र्याच्या पेटीवर तेलरंगाने नाव घातलेले होते आणि आत कपड्यांच्या तळाशी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घडी करून ठेवलेला होता. संस्था चांगली होती, मुलाचे वजन वाढले होते, तरी तो तुकडा त्याने कोणाला हात लावू दिला नाही. गरिबी हे मूल आईपासून तोडण्याचे कारण होऊ नये, असे मला तेव्हापासून मनापासून वाटते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे.

म्हणून आधी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात बालसंगोपन योजनेसाठी अर्ज करा. वडील नसलेल्या मुलांना घरीच राहून या योजनेतून प्रत्येकी दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. दोन मुलांच्या या रकमेत शेतमजुरी करणाऱ्या आईचे घर पूर्ण चालणार नाही हे खरे, पण वह्या-पुस्तके आणि किराणा यांचा भार निश्चित हलका होतो.

एवढे करूनही मुले ठेवावीच लागली, तर संस्था कोणत्या धर्माची आहे यापेक्षा ती नोंदणीकृत आहे का, हे आधी पाहा. निराधार मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, ती सरकारी अनुदान घेत असो वा नसो, बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ नुसार नोंदणी सक्तीची आहे. न केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय मुलांचा प्रवेश समितीच्या आदेशानेच व्हायला हवा.

धर्माच्या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, म्हणजे विधवा व मुलींसाठीची निवासी शाळा, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्यात आले आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात शेकडो निराधार मुलींना केडगावला आसरा दिला. श्रद्धेपोटी माणसे फार मोठे काम करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही जेवणाच्या बदल्यात सहा वर्षांच्या मुलीने प्रार्थना करावी ही अट मला मान्य नाही, आणि भावंडांची ताटातूट तर मुळीच नाही.

स्वतः जाऊन पाहा. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, ताईंना मुलांशी एकांतात बोलू देतात का, सणाला घरी पाठवतात का, हे विचारा. भेटीचे दिवस सांगायला कोणी टाळाटाळ करू लागले, तर मुलांना तेथे ठेवू नका. मुलांवर कोणताही दबाव आलेला आढळल्यास १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो. योजनेचा अर्ज मात्र याच आठवड्यात करा, कारण मंजुरीला वेळ लागतो आणि जूनमध्ये शाळा सुरू होतात.