अडलेला शब्द आणि चुंबक

प्रश्न : बाबांना आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. आमचं बोलणं त्यांना समजतं, पण तोंडातून 'हो', 'नाही' आणि 'अगं' एवढंच निघतं. 'चुंबकाने वाचा परत' असा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आलाय. नेऊ का त्यांना? (सांगली)

तुम्ही सांगताय त्या दुखण्याला वाचाघात म्हणतात. व्हिडिओतल्या उपचाराचं नाव टीएमएस, आणि तो थोतांड नाही. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं तारेचं वेटोळं डोक्यावर टेकवतात. त्यातून क्षणार्धापुरता जोरदार प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार जातं आणि आत, मेंदूच्या पृष्ठभागात, बारीकसा विद्युतप्रवाह उठवतं. हाच चुंबकाचा 'ठोका'. 1985 साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी हे पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा वेटोळं डोक्यावर होतं आणि हलला तो हात.

वाचाघातात याचा उपयोग जरा उलटा वाटेल. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि झटक्यात तीच बाजू दुखावते. मग उजवीकडचा जोडभाग गरजेपेक्षा जास्त धडपडतो आणि डावीला सावरू देत नाही, असा एक तर्क आहे. म्हणून ठोके उजवीकडे द्यायचे, तेही सेकंदाला एक या संथ गतीने, म्हणजे ती बाजू जरा शांत होते. बोस्टनमध्ये मार्गारेट नेसर यांच्या गटाने 2005 साली चार रुग्णांवर रोज 20 मिनिटं, असे दहा दिवस हे केलं. चित्रं पाहून नावं सांगणं सुधारलं आणि काहींमध्ये ती सुधारणा काही महिने टिकली. पण रुग्ण चारच होते, हे विसरू नका. शिवाय उजवी बाजू प्रत्येकात अडथळाच आणते असं नाही. डावीकडची जखम मोठी असेल तर उरलंसुरलं बोलणं उजवी बाजूच पेलत असते.

2013 सालच्या 24 रुग्णांच्या अभ्यासात 20 मिनिटांच्या ठोक्यांनंतर लगेच 45 मिनिटं वाचाउपचार दिले होते. ज्यांना खरे ठोके मिळाले ते लुटुपुटीच्या ठोकेवाल्यांपेक्षा पुढे गेले, पण वाचाउपचार दोन्ही गटांना होते. व्हिडिओवाल्यांना म्हणूनच विचारा, 'स्पीच थेरपिस्ट कोण आहे?' उत्तर आलं नाही तर पैसे वाचवा आणि घराजवळचा चांगला वाचाउपचारतज्ज्ञ शोधा. आठ महिने म्हणजे उशीर झाला असं मुळीच नाही.

प्रश्न : बहिणीच्या मेंदूत डावीकडे गाठ आहे. ऑपरेशनआधी चुंबकाने 'भाषेचा नकाशा' काढणार म्हणतात. एमआरआय तर झालाय. मग हे कशाला? (नाशिक)

एमआरआय गाठ कुठे आहे ते दाखवतो. पण गाठीशेजारच्या कुठल्या ठिकाणी हात लावला तर बोलणं अडेल, ते तो सांगत नाही. चुंबकाने ती जागा तात्पुरती अडवून बघता येते.

डोक्याला पट्टी बांधतात, तिच्यावर चकाकणारे छोटे गोळे असतात. कॅमेरा ते पाहतो. नाकाचं मूळ, दोन्ही कान असे बिंदू टोकदार कांडी टेकवून दाखवले की पडद्यावर तिचाच एमआरआय तिच्या डोक्याशी जुळतो आणि ठोका मेंदूच्या कुठल्या घडीवर पडतोय ते दिसत राहतं. प्रत्येकाच्या घड्या वेगळ्या, त्यात गाठीने ढकललेल्या, त्यामुळे टेपने मोजून अंदाज बांधण्यात अर्थ नसतो.

मग चित्रं येतात. आधी ठोक्यांशिवाय एकदा नावं सांगायला लावतात आणि जी अडतात ती चित्रं काढून टाकतात. उरलेली चित्रं ठोके देताना पुन्हा दाखवतात, आणि जिथे ठोका पडल्यावर शब्द अडतो ती जागा नकाशावर येते. आपल्याकडे नावं सांगतानाच गंमत होते. त्याच चित्राला कुणी केरसुणी म्हणतं, कुणी झाडू, कुणी खराटा. तिघंही बरोबर, फक्त प्रत्येकाने आपला शब्द आधी नोंदवून ठेवायला हवा. बहिणीला सांगा, घरात बोलतेस तेच बोल, पुस्तकी मराठी नको. ती दिवसभर मराठी आणि इंग्रजी दोन्ही बोलत असेल, तर दोन्ही भाषांत तपासण्याचा आग्रह धरा.

मी स्वतः त्या खुर्चीत बसलोय. समोर कंगव्याचं चित्र आलं. कंगवाच आहे हे कळत होतं, हात केसांकडे निघालासुद्धा, पण तोंडातून 'अं… ते…' एवढंच. ठोके थांबले आणि शब्द आला. तेवढ्या वेळात वाचाघाताच्या रुग्णांबद्दल जे कळलं, ते पाठ्यपुस्तकांतून कळलं नव्हतं.

नकाशावर किती विसंबायचं? जर्मनीतल्या थॉमस पिख्ट यांच्या गटाने 2013 साली हा नकाशा जागेपणी केलेल्या शस्त्रक्रियेतल्या थेट तपासणीशी ताडून पाहिला. शस्त्रक्रियेत भाषेच्या ठरलेल्या जागांपैकी सुमारे 90 टक्के चुंबकाने आधीच पकडल्या होत्या. पण भाषेच्या नसलेल्या बहुतेक जागांवरही त्याने बोट ठेवलं होतं. म्हणून चुंबक 'इथे काही नाही' म्हणतं तेव्हा सर्जन त्याचं जास्त ऐकतात. 'इथे भाषा आहे' म्हणालं तर टेबलावर पुन्हा खात्री करतात. नकाशा काढल्यावरही बहिणीला जागेपणी ऑपरेशन सुचवलं, तर घाबरू नका. ते काळजीपोटीच आहे.

प्रश्न : दुखतं का? फिट येते का? (पणजी)

कपाळावर टिचकी मारल्यासारखं वाटतं. कपाळाच्या कडेला ठोका पडला तर जबडा उडतो, ते जरा त्रासाचं. आवाज मोठा असतो, कानात बोळे मागून घ्या. फिट येऊ शकते, पण फार क्वचित. आधी कधी फिट आली असेल, चालू औषधं असतील तर आधीच सांगा. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने बसवलेलं यंत्र) असेल तर हा मार्ग बंद. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे, बोलताना अडखळतो. त्याला चालेल का? (डोंबिवली)

नाही. तोतरेपणावर या यंत्राने संशोधन चालू आहे, पण मुलाला खुर्चीत बसवण्याइतका पुरावा नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवणाचं काम चालतं, तिथे दाखवा. आणि घरी त्याचं वाक्य कुणी पूर्ण करू नका, आजीनेसुद्धा.

प्रश्न : चुंबकाचं कडं घातलं तर? (नाव नको)

कडं चांगलं दिसत असेल तर घाला. मेंदूत प्रवाह उठतो तो चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं तर. कडं मनगटावर नुसतं पडून असतं.